सोनं दिसल्यावर कोण काय बोललं?

प्रश्न : कादंबऱ्या भरपूर वाचते, पण ‘यातून समाजाविषयी काय कळलं?’ असं कुणी विचारलं की कथानकच सांगत बसते. काय करू?
– एक वाचक, केलगेरी, धारवाड

उत्तर : कथानक सांगता येतं ना, मग निम्मं काम झालंय. संदेश हुडकायच्या मागे लागू नका. पैसा, जेवण आणि घराचा उंबरठा यांवर नजर ठेवा. तुमच्याकडे कानडी असणारच, तेव्हा यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) ही कादंबरी मुळातूनच वाचा. ब्राह्मणांच्या अग्रहारात नारणप्पा मरतो आणि त्याला अग्नी द्यायला कुणी पुढे येत नाही. त्याच्यासोबत राहणारी चंद्री अंत्यविधीच्या खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून ठेवते. तिथे थांबा. आधी कोण काय बोलत होतं, सोनं दिसल्यावर कुणाची भाषा फिरली, पेन्सिलीने खुणा करा. लेखकाला जातीवर भाषण द्यावंच लागत नाही. पुढे बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत भाड्याच्या खोलीकडे असंच बघा.

कथाकार जी. ए. कुलकर्णी तुमच्या धारवाडचे, म्हणून त्यांच्या कथाही अशाच वाचायचा मोह होईल. पण त्यांचा रोख बऱ्याचदा नियतीकडे असतो. तिथे ओढूनताणून समाज काढू नका.