जुनी डिझेल मालमोटार सुरू न झाल्यास तेलाची तपासणी

हिवरे बाजार गावी दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडितात व मगच पिके ठरवितात. मालमोटार अडली असता तेलाचा हिशेबही असाच उगमापासून घ्यावा, असे आम्ही सुचवितो. कांद्याच्या गोण्या भरून मोटार उभी राहिली म्हणजे बाजार चुकतो; आणि घाईने स्टार्टर फिरवीत बसल्यास बॅटरीही उतरते.

प्रथम टाकीत तेल आहे की नाही, व इंजिन बंद करण्याची तार पुरती आत गेली आहे की नाही, हे पाहावे. नंतर सुमारे १० सेकंद स्टार्टर फिरवून धुराड्याकडे लक्ष द्यावे. पांढुरका धूर निघाल्यास तेल पोहोचत आहे. दोष बहुधा इंजिनाच्या दाबात अथवा थंडीत असतो. धूर मुळीच नसल्यास तेलच पोहोचत नाही असे समजावे.

मग फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा, व हेच इंजेक्शन पंपापाशीही करावे. बुडबुडे थांबतच नसल्यास टाकीकडील नळीचे सांधे व वॉशर तपासावे. धारच न आल्यास टाकीतील जाळी, नळी वा हातपंपाची झडप तुंबलेली असावी. फिल्टरपाशी धार जोरकस पण पुढे क्षीण असेल, तर फिल्टर बदलावा. थोडे तेल काचेच्या बाटलीत ठेवावे. पाणी असल्यास ते तळाशी बसते.

इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.