औषधनियमनातील सल्लागार कसा घडतो

जीवविज्ञान क्षेत्रातील सल्लागार म्हणजे औषधे, लसी, निदानचाचण्या आणि वैद्यकीय उपकरणे तयार करणाऱ्या कंपन्यांना एखाद्या मर्यादित पण अवघड प्रश्नावर शुल्क घेऊन तज्ज्ञ मत देणारी व्यक्ती. असे सल्लागार पेटंट, विषशास्त्र, वैद्यकीय चाचण्यांची संख्याशास्त्रीय आखणी, कारखान्यातील गुणवत्ता अशा अनेक विषयांत काम करतात. परंतु मुंबई-ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातील वेर्णा या भागांत औषधउद्योग दाटीने वसलेला असल्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना त्यांतली सर्वांत जवळची शाखा औषधनियमनाची आहे. उद्योगात तिला रेग्युलेटरी अफेअर्स किंवा नुसते 'आरए' म्हणतात. या शाखेविषयी पालकांचा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर व्हायला हवा: सल्लागार होण्याचा अभ्यासक्रम नसतो. काही मोठ्या सेवा-कंपन्या पदवीधराला पहिल्याच दिवशी 'कन्सल्टंट' हे पदनाम देतात, पण तिथे त्याचे मत कोणी विकत घेत नसते. मत विकले जाण्याजोगे होण्यासाठी साधारण दहा वर्षे लागतात, आणि ती दहा वर्षे कुठे व कशी घालवली यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

औषध बाजारात आणण्यापूर्वी ते शुद्ध, सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरावा सरकारी नियामकापुढे मांडावा लागतो, ही अपेक्षा दुर्घटनांतून जन्माला आली. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडच्या द्रवरूप औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तिथे १९३८ चा कायदा आला. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके जन्मजात व्यंगांसह जन्मली, तेव्हा १९६२ मध्ये औषधाची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्तीही आली. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. नव्या औषधांना आणि त्यांच्या वैद्यकीय चाचण्यांना परवानगी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजेच सीडीएससीओ, देते, तर कारखान्यांचे बहुतेक परवाने राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. या नियामकांपुढे मांडल्या जाणाऱ्या पुराव्याच्या संचाला डोसिअर म्हणतात. १९९० मध्ये सुरू झालेल्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय समन्वय-प्रक्रियेने त्याची पाच भागांची सामाईक रचना ठरवून दिली आहे: त्या त्या देशाची प्रशासकीय कागदपत्रे, सारांश, औषधाची गुणवत्ता, प्राण्यांवरील व प्रयोगशाळेतील अभ्यास, आणि माणसांवरील अभ्यास.

सल्लागाराची गरज नेमकी कुठे निर्माण होते, हे व्हॅल्सार्टन या रक्तदाबावरील औषधाच्या प्रकरणावरून नीट समजते. जुलै २०१८ मध्ये चीनमधील एका उत्पादकाच्या व्हॅल्सार्टनमध्ये एनडीएमए हा कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेला पदार्थ सापडला आणि अनेक देशांत त्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या. उत्पादन वाढावे म्हणून कारखान्याने रासायनिक प्रक्रियेत बदल केला होता. नव्या प्रक्रियेत डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक होते, त्यातून अल्प प्रमाणात डायमिथाइलअमाइन तयार होते, आणि शिल्लक राहिलेले अझाइड नष्ट करण्यासाठी टाकलेल्या सोडियम नायट्राइटशी आम्लात त्याचा संयोग होऊन एनडीएमए बनते. नेहमीच्या शुद्धता-चाचणीत हा पदार्थ दिसत नव्हता, कारण तो तिथे असेल अशी शंकाच कोणी घेतली नव्हती. नियामकांनी त्याची दिवसाची स्वीकार्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. पुढे २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने रासायनिक संश्लेषणाने बनणाऱ्या सर्व मानवी औषधांच्या उत्पादकांना आपापली औषधे याच दृष्टीने तपासायला सांगितले, आणि जगभरच्या कंपन्यांपुढे एकाच वेळी तोच प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर एकट्या रसायनतज्ज्ञाकडे नव्हते, विषशास्त्रज्ञाकडे नव्हते आणि केवळ कायदा जाणणाऱ्याकडे तर मुळीच नव्हते. रासायनिक अभिक्रिया कागदावर पाहून धोका ओळखणे, मर्यादा कशी काढली जाते हे समजणे, इतक्या सूक्ष्म प्रमाणाची चाचणी शक्य आहे की नाही ते सांगणे, आणि हे सर्व नियामकाला पटेल अशा रीतीने लिहिणे, या चारही गोष्टी एका डोक्यात एकत्र असलेली माणसे थोडी होती. त्यांनाच बोलावणे आले. अशी माणसे घडवण्याची सोय कुठल्याही एका पदवीत नाही, पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी एखादा विषय मुळापासून शिकलेला असतो आणि शेजारच्या दोन विषयांत पुरेसा वावर ठेवलेला असतो.

शिक्षणाचा रस्ता तुलनेने सरळ आहे. बारावीनंतर एमएचटी-सीईटीमार्फत चार वर्षांचे बी. फार्म., त्यानंतर जीपॅट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन दोन वर्षांचे एम. फार्म., हा त्यातला रुळलेला मार्ग. एम. फार्म.मध्ये रेग्युलेटरी अफेअर्स हा स्वतंत्र विषय घेता येतो. तरीही ज्याला पुढे सल्लागार व्हायचे आहे त्याने औषधनिर्माणशास्त्र किंवा औषधी विश्लेषण यांसारखा प्रयोगाचा विषय घेणे अधिक हिताचे ठरते, कारण नियम नोकरीत शिकता येतात, पण गोळी का फुटते किंवा द्रावणात अशुद्धी का वाढते हे पुढे शिकण्याची संधी क्वचितच मिळते. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान घेतलेल्यांनाही दार बंद नाही. मात्र जैवतंत्रज्ञानाची नुसती बी. एस्सी. पुरेशी पडत नाही, ही गोष्ट प्रवेशापूर्वीच ठाऊक असावी. लसी किंवा जैविक औषधांच्या उत्पादनाचा प्रत्यक्ष अनुभव अथवा एम. एस्सी. तिच्यासोबत लागते.

खरा पेच पहिल्या नोकरीचा असतो. तारापूर, महाड, लोटे किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत बल्क ड्रगच्या कारखान्यात, म्हणजे औषधाचा मूळ क्रियाशील घटक बनवणाऱ्या कारखान्यात, पाळीची नोकरी मिळाली की घरात नाराजी पसरते, आणि अंधेरीच्या वातानुकूलित कचेरीत डोसिअरची पाने जुळवण्याचे काम मिळाले की समाधान वाटते. हे समाधान बहुधा चुकीच्या जागी असते. कारखान्यात बॅच बिघडताना पाहिलेल्या माणसाला नियामकाच्या प्रश्नामागची शंका कळते. केवळ तयार नमुन्यात मजकूर भरणाऱ्याला ती कळत नाही, आणि तसे मजकूर भरण्याचे काम हळूहळू संगणकप्रणालीच करू लागल्या आहेत. कायद्यानेही प्रत्यक्ष अनुभवाला मोल दिले आहे. १९४५ च्या औषध नियमांनुसार बहुतेक औषधांच्या उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाकडे औषधनिर्माणाच्या पदवीनंतर अठरा महिन्यांचा, किंवा रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान-पदवीसोबत तीन वर्षांचा उत्पादनाचा अनुभव असावा लागतो. म्हणून दोन-तीन वर्षे उत्पादनात किंवा गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत, आणि नंतर रेग्युलेटरी विभागात, हा क्रम उलट क्रमापेक्षा फार चांगला.

रेग्युलेटरी विभागात गेल्यावर सर्वांत अधिक शिकवणारे काम म्हणजे त्रुटिपत्रांना उत्तरे देणे. डोसिअर वाचून नियामक ज्या शंका लेखी कळवतो त्या पत्राला उद्योगात डेफिशियन्सी लेटर किंवा 'क्वेरी' म्हणतात. तिचे उत्तर थोडक्यात, आकड्यांच्या आधाराने आणि विचारलेल्या प्रश्नापलीकडे न भरकटता द्यावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती वाटते. पण या लेखनाला अलंकारिक भाषा लागत नाही, नेमकी वाक्ये लागतात, आणि ज्याचा विषय पक्का आहे त्याला ती सरावाने जमतात. याच काळात आपला कोपरा ठरवावा: श्वासावाटे घ्यायची औषधे, निर्जंतुक इंजेक्शने, जैविक औषधे, किंवा २०१७ च्या नियमांनी वेगळी चौकट दिलेली वैद्यकीय उपकरणे. सगळेच थोडे थोडे जाणणाऱ्याला नोकरी मिळते. सल्ल्यासाठी मात्र त्या एका कोपऱ्यातला माणूसच शोधला जातो.

स्वतंत्र व्यवसायाची वेळ आली की अडचणींचे स्वरूप बदलते. पहिले वर्ष-दोन वर्षे उत्पन्न अनियमित राहते, त्यामुळे घराचा निदान वर्षभराचा खर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नये. करारात गोपनीयतेची कलमे असतात आणि एकाच रेणूवर काम करणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम एकाच वेळी घेता येत नाही, हे आधी स्पष्ट करावे लागते. याहून अवघड प्रसंग नोंदींच्या सचोटीचा असतो. चाचणी कोणी केली, केव्हा केली, मूळ आकडा काय आला, हे प्रत्येक नोंदीतून कळले पाहिजे, आणि नकोसा निकाल पुसून नवा लिहिणे हा या क्षेत्रातला सर्वांत गंभीर दोष मानला जातो. असा निकाल 'बसवून' देण्याची मागणी ग्राहकाकडून आली, तर काम नाकारणे हाच मार्ग उरतो. एकदा विश्वास गमावलेल्या सल्लागाराला नियामकही विसरत नाहीत आणि ग्राहकही.

काम मात्र मुबलक आहे. भारतात चांगल्या उत्पादनपद्धतींची अट घालणारे शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये सुधारले गेले, आणि स्वतंत्र रेग्युलेटरी विभाग न परवडणाऱ्या लहान कारखान्यांना ते समजून अमलात आणायला मदत लागते. अमेरिकेत औषध पाठवणाऱ्या प्रत्येक परदेशी कारखान्याला तिथे राहणारा किंवा तिथे कचेरी असलेला प्रतिनिधी नेमावा लागतो. युरोपीय महासंघाचा मे २०२१ पासून लागू झालेला वैद्यकीय उपकरणांचा कायदा प्रत्येक उत्पादकाकडे नियमपालनाची जबाबदारी घेणारी पात्र व्यक्ती असावी असे सांगतो. तिच्याकडे संबंधित पदवी आणि एक वर्षाचा, किंवा पदवी नसली तरी चार वर्षांचा त्याच कामाचा अनुभव असणे पुरते, आणि लहान उत्पादकांना ती व्यक्ती बाहेरून नेमण्याची मुभा आहे.

महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी 'प्लेसमेंट किती टक्के' या प्रश्नासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: विद्यार्थी एचपीएलसी हे विश्लेषण-यंत्र स्वतः चालवतात की फक्त पाहतात, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कारखान्यात होतो की ग्रंथालयात, आणि गेल्या काही वर्षांतले विद्यार्थी आज उत्पादन, गुणवत्ता व नियमन यांपैकी कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेपेक्षा तिच्या माजी विद्यार्थ्यांकडून घ्यावे.