पंपाच्या आधी फ्लोट बघा

आमची सोसायटी ठाण्यात, खाडीपासून फार लांब नाही. बेसमेंट पार्किंगच्या कोपऱ्यात सम्पचा खड्डा आणि त्यात थ्री-फेजचे दोन सबमर्सिबल पंप. कमिटीत हे खातं माझ्या गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. ‘पंप गेला!’ अशी हाक आली की बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो. बिघाड त्याच्या आजूबाजूला असतो. म्हणून मोटर वर ओढायच्या आधी पुढच्या गोष्टी बघाव्यात.

१. खड्ड्यात हात घालायच्या आधी एमसीबी पाडा आणि पॅनेलपाशी माणूस उभा करा. पंप ऑटोवर असेल, तर फ्लोट वर येताच तो सुरू होतो. तो तुमचा हात बघत नाही. आरसीसीबी सारखा पडत असेल, तर बायपास करून पंप चालवू नका. केबलच्या जोडात किंवा मोटरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं.

२. पहिला संशय फ्लोटवर. पाणी वाढल्याची वर्दी तोच देतो. त्याची वायर डिलिव्हरी पाइपाला गुंडाळली जाते, नाहीतर गाळाने जड होऊन तो खालीच बसतो. वरूनच कोरड्या बांबूने फ्लोट उचला. पंप सुरू झाला, तर मोटर बरी आहे. फ्लोट मोकळा करा, धुवा, काम झालं.

३. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही? एक फेज गेली असेल किंवा इंपेलर अडकला असेल. आमच्या इंपेलरमधून बांधकामाची तार, वेफर्सची पाकिटं आणि एका लहान मुलाचा पायमोजा निघाला आहे. ओव्हरलोड ट्रिप झाला की वॉचमन पुन्हा पुन्हा रीसेट दाबतो. ते आधी थांबवा. वाइंडिंग जळतं ते अशानेच.

४. पंप फिरतो, पण पाणी चढत नाही. बाहेर केबलचं काम होऊन गेलं असेल, तर फेजची अदलाबदल झाली आहे का ते बघा. पंप उलटा फिरतो, थोडं पाणी फेकतोही, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. इलेक्ट्रिशियनने कुठल्याही दोन फेज बदलल्या की तो सुलटा फिरतो. दुसरं कारण एअर लॉक. त्यासाठी खड्ड्याच्या आत, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या खाली, पाइपाला साधारण ३ मिमीचं भोक ठेवतात. त्यातून बारीक धार उडते. तिला गळती समजून कोणी एम-सील लावू नये.

५. पंप बंद होतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. बंद होताच पाइपाला कान लावा. पाणी खळखळत खाली आलं, तर व्हॉल्व्हची झडप धरत नाही. उपसलेलंच पाणी पुन्हा उपसणं चालू आहे.

६. पाणी पडतं कुठे, ते स्वतः जाऊन बघा. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की बाहेरचं गटार तुंबतं आणि चेंबरमधलं पाणी रॅम्पवरून परत खाली येतं. अशा वेळी पंपाला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि भाड्याचा डिझेल पंप आणलाच, तर इंजिन बेसमेंटमध्ये ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

७. खरी तपासणी मे महिन्यात. गाळ काढा, खड्ड्यात टँकरचं पाणी सोडा आणि दोन्ही पंप आलटून पालटून ऑटोवर चालतात का बघा. राखीव पंप वर्षभर नुसता बुडून राहिला, तर ऐन वेळी तोच जाम झालेला सापडतो.

शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं: वीज जाते ती नेमकी पाऊस कोसळत असताना. कित्येक इमारतींत लिफ्ट जनरेटरवर असते, सम्पचा पंप नसतो. तुमच्या इमारतीत काय आहे, हे कमिटीच्या पुढच्याच मीटिंगमध्ये विचारा.