बोर्डातला पेरभर तुकडा

मशीन बंद पडलं की दोष मशीनचाच, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. गेल्या ज्येष्ठात विळे-कोयत्यांना धार लावायला पडवीत ग्राइंडर सुरू करायला गेलो, तर तो गप्प. साधी घरघरही नाही. दगड अडकला असेल म्हणून फिरवून पाहायला डावा हात त्याच्या बिडाच्या अंगावर टेकवला आणि खांद्यापर्यंत झटका बसला. जमीन ओलसर होती, पाय अनवाणी होते. हात चिकटला नाही, मागे फेकला गेला, म्हणून आज हे लिहितो आहे.

वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेटमागे न्यूट्रलची वायर स्क्रूपाशी जळून सुटली होती. एवढ्यावर मशीन नुसतं बंद राहिलं असतं. पण वायरिंग करताना कुणीतरी अर्थिंगची वायर ओढलीच नव्हती. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात पेरभर वायरचा लूप मारला होता. न्यूट्रल शाबूत होता तोवर काही कळलं नाही. तो सुटताच फेज मोटरच्या वाइंडिंगमधून न्यूट्रलच्या पिनेला आला, तिथून त्या तुकड्यावरून अर्थच्या पिनेला आणि थेट मशीनच्या अंगावर. जीव वाचवायला बसवलेल्या पिनेनेच करंट हाताशी आणून ठेवला.

मी पूर्वी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरून पाहिला होता. बल्ब लख्ख पेटला, अर्थिंग उत्तम आहे असं समजून मी निर्धास्त झालो. लूप असला तरी बल्ब तसाच पेटतो. मेन बंद करून बोर्ड उघडल्याशिवाय हे कळत नाही, आणि ते काम परवानाधारक वायरमनचंच.

म्हणून मशीन चाललं नाही तर आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बंद मशीनमध्येही फेज उभा असतो. मग त्याच सॉकेटला प्लॅस्टिकचा टेबल लॅम्प लावा. तो लागला नाही तर दोष बोर्डाकडे शोधा. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असंही धरू नका.

ग्राइंडर नुसता हूं करून फिरत नसेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो प्लग काढल्यावरही चार्ज धरून असू शकतो, उघड्या हाताने शिवू नका. ड्रिल मशीन थांबत-थांबत चाललं तर कार्बन ब्रश पाहा. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर जड मशीन दमतं आणि गुंडाळून ठेवलेली वायर तापते.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर आधी ती बसवून घ्या. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटला पडते; माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिला कळत नाही. आरसीसीबीला कळतो, कारण फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येत नाही. तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहा.

त्या दिवशी मी घरातले सगळे बोर्ड उघडायला लावले. आणखी दोन सॉकेटमध्ये तसाच तुकडा निघाला. त्यातलं एक न्हाणीघरातल्या गिझरचं होतं.