रोही, न्यान आणि शास्त्रीय नाव

प्रश्न : लडाखच्या सहलीवर लिहिते आहे. तिथल्या जंगली मेंढीचे शास्त्रीय नाव मराठी वाक्यात कसे वापरू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी ओळखीचे नाव, मग शास्त्रीय : ‘न्यान ही मोठी जंगली मेंढी, ओव्हिस अमॉन, उंच पठारावर चरते.’ पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत फक्त पहिल्याचे आद्याक्षर मोठे. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून दोन्ही तिरप्या ठशात छापा. पुढे ‘ओ. अमॉन’ चालेल.

खरी अडचण विभक्तीची. ‘ओव्हिस अमॉनांचे कळप’ कानाला खटकते आणि चूकही आहे, कारण या नावाचे अनेकवचन होत नाही. ‘ओव्हिस अमॉन या मेंढीचे कळप’ लिहा. आपल्याकडच्या रोहीलाही हाच नियम : ‘बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलसने हरभरा खाल्ला’ असे कोणी लिहू नये, रोहीनेच खाल्ला म्हणावे!

नावापुढचा कंसही सांभाळा. लिनीयसने 1758 मध्ये न्यानला शेळ्यांच्या कॅप्रा प्रजातीत घातले होते. प्रजाती पुढे बदलली, म्हणून ‘ओव्हिस अमॉन (लिनीयस, 1758)’. लडाखमधल्याच शापूला ब्लाइथने 1841 मध्ये सुरुवातीपासून ओव्हिस म्हटले, म्हणून ‘ओव्हिस विग्नेई ब्लाइथ, 1841’, कंसाविना. प्रवासलेखात मात्र संशोधकाचे नाव आणि साल गाळले तरी चालते.