सुटका झाली, पण अटींवर



कोर्टाने मुलाला सोडले की पाड्यावर आनंद होतो. घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होते आणि प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात. अमली पदार्थांच्या प्रकरणात मात्र दोषी ठरलेल्याची अशी सुटका अटींवर असते, आणि या अटी मोडायला वाईट हेतूच लागतो असे नाही. तारीख चुकते, उपचार अर्धवट राहतात, माणूस ऊसतोडीला निघून जातो. मग एके दिवशी वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहतात. अट मोडल्यावर कायदा काय करतो आणि ती मोडू नये म्हणून मंडळी काय करू शकते, हे या पाठात पाहू.

वाचनासाठी वचनभाग: उत्पत्ती ४३:१–१० आणि फिलेमोन ८–२१.

१. जामीन वेगळा, परिवीक्षा वेगळी

‘जामिनावर सुटला’ असे आपण सरसकट म्हणतो. जामीन खटला चालू असताना मिळतो, तेव्हा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, ही दोषी ठरल्यानंतरची गोष्ट आहे. न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर त्या माणसाला सोडते. शिक्षा माफ झालेली नसते, ती थांबवून ठेवलेली असते.

२. ही संधी कोणाला मिळते?

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा कडक आहे. त्याच्या कलम ३३ प्रमाणे १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाचा लाभ १८ वर्षांखालील व्यक्तीला किंवा कलम २६ व २७ खालील गुन्ह्यांनाच मिळतो. आपल्या कामात संबंध येतो तो कलम २७ चा, म्हणजे सेवनाचा.

दुसरा मार्ग कलम ३९ चा. व्यसनाधीन माणूस सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातील मालासाठी दोषी ठरला, तर न्यायालय त्याच्या संमतीने त्याला सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात उपचारासाठी सोडू शकते. अल्प प्रमाण म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत, हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत. उपचाराचा अहवाल न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत द्यावा लागतो. ही मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. अहवाल पाहून न्यायालय समज देऊन जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते.

शेतात गांजा लावणाऱ्या प्रौढाला यातले काहीच मिळत नाही. त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘कपाशीच्या आड चार झाडे लाव, पैसे देतो,’ असे कोणी सांगितले तर हे आकडे त्या शेतकऱ्याला आधी सांगावेत.

३. अट मोडली तर काय होते?

परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने अटभंग झाल्याचे दिसले, तर न्यायालय अटकेचे वॉरंट किंवा समन्स काढू शकते. प्रकरणाचा निकाल होईपर्यंत त्या माणसाला कोठडीत ठेवता येते किंवा जामिनावर सोडता येते. ऐकून घेतल्यावर अटभंग खरा ठरला, तर मूळ गुन्ह्याची थांबवलेली शिक्षा सुनावली जाते. चूक पहिलीच असेल, तर बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करून सोडण्याची मुभाही न्यायालयाला आहे. तो दंड मुदतीत भरला नाही, तर पुन्हा मूळ शिक्षेची वेळ येऊ शकते.

कलम ३९ च्या बंधपत्रात या कायद्याखालचा कोणताही नवा गुन्हा न करण्याची हमी असते. सेवन हाही गुन्हाच असल्यामुळे पुन्हा ओढलेली एक चिलीमसुद्धा बंधपत्र मोडते. मग न्यायालय बोलावून शिक्षा देऊ शकते. हेरॉईन किंवा कोकेनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत, तर गांजासारख्या पदार्थाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नव्या गुन्ह्याचा खटला वेगळा चालतो.

आणखी दोन नुकसाने आहेत. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली, तर कलम १२ चे हे संरक्षण जाते. शिवाय बंधपत्र जप्त झाले, तर जामीनदाराला त्यातली रक्कम भरण्याची नोटीस येऊ शकते. अनेकदा तो जामीनदार म्हणजे गरीब चुलता किंवा मामा असतो.

४. अट नेमकी कुठे मोडते?

देखरेखीच्या आदेशात राहण्याच्या जागेविषयी आणि नशेपासून दूर राहण्याविषयी अटी घालता येतात. समजा, धडगावकडच्या एका पाड्यावरच्या तरुणावर अशा अटी आहेत. दिवाळीनंतर तो मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातो आणि अधिकाऱ्याला कळवत नाही. राहण्याची अट तिथे मोडली. लग्नात आग्रहाने मोहाची दारू घेतो. दारूचा कायदा वेगळा, पण नशा न करण्याची अट त्याने मोडली. तो मनाने पावरी बोलणारा, बंधपत्र मराठीत, त्यावर उमटवलेला अंगठा. अटी कोणी समजावल्या नसतील, तर त्याने पाळायचे तरी काय? देखरेखीचा आदेश देताना अटी समजावून सांगणे आणि प्रत देणे हे न्यायालयाचे काम आहे, असे कलम ४ सांगते. ती प्रत मागून घ्यावी.

५. वचनाचा प्रकाश

बन्यामीनला मिसरात पाठवायला याकोब तयार नव्हता. रऊबेनाने मोठे बोल बोलून पाहिले, पण बापाचे मन वळले नाही. यहूदा स्वतः जामीन राहिला तेव्हा बापाने मुलाला जाऊ दिले. पुढे ४४ व्या अध्यायात संकट आले, तेव्हा यहूदा मागे सरला नाही. धाकट्याच्या जागी मला दास करून ठेवा, असे त्याने विनवले. पौलानेही अनेसिमाला फिलेमोनाकडे नुसते पाठवले नाही, तर त्याचे देणे आपल्या खात्यावर घेतले. याउलट नीतिसूत्रे ६ व्या अध्यायात उतावळेपणाने जामीन राहणाऱ्याला कडक इशारा आहे.

दोन्ही शिकवणी एकत्र धरायच्या आहेत. सही करून विसरून जाणारा जामीनदार स्वतःही बुडतो आणि तरुणालाही बुडवतो. पवित्र शास्त्रातला जामीन संकटाच्या दिवशीही शेजारी उभा असतो. आपला प्रभू आपल्यासाठी असाच उभा राहिला.

६. मंडळीने काय करावे?

• बंधपत्राची प्रत घेऊन ती त्या भावाच्या बोलीत वाचून दाखवा. तारखा मंडळीच्या वहीत लिहा आणि तारखेला एकाने सोबत जा.

• स्थलांतराआधी परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटा. अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय अटी बदलू शकते.

• प्रार्थना जरूर करा, पण उपचार थांबवू नका. न्यायालयाला मान्य केंद्राचा अहवाल लागतो; पाळकांचे पत्र त्याची जागा घेत नाही. कलम ६४अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण केले नाहीत तर ते काढून घेतले जाऊ शकते. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे.

• तारीख चुकली किंवा पाय घसरला, तर लपवू नका. वॉरंटची वाट न पाहता वकिलासह न्यायालयात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

चर्चेसाठी प्रश्न

१. यहूदाच्या जामीन राहण्यात आणि नीतिसूत्रांत धिक्कारलेल्या जामीन राहण्यात काय फरक आहे?

२. आपल्या मंडळीच्या परिसरात बंधपत्रावर सुटलेले कोणी आहे का? त्याची पुढची तारीख आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

३. व्यसनात पुन्हा पडलेला भाऊ मंडळीत खरे सांगू शकेल, असे वातावरण आपल्याकडे आहे का?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, पडलेल्याला उठवणाऱ्या देवा, बंधपत्रावर सुटलेल्या आमच्या मुलांना सांभाळ. त्यांच्या आयांना धीर दे. शब्द देऊन विसरणारे नव्हे, तर शेवटपर्यंत सोबत चालणारे जामीनदार आम्हांला कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.