एमबीबीएस नाही, मग काय?

प्रश्न : मुलीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. फिजिओथेरपी घ्यावी असं सगळे सांगतात. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे तेच ना? – एक पालक, सातारा

उत्तर : तेच नाही, आणि हा फरक प्रवेशाआधी कळायलाच हवा. अर्धांगवायूनंतर खांद्यात, पायात बळ आणणं, चालायला शिकवणं हा प्रामुख्याने फिजिओथेरपिस्टचा प्रांत. पण तोच माणूस शर्टाचं बटण लावायला बसतो तेव्हा शेजारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो. एका काकांना पहिलं बटण काजात घालायला तीन आठवडे लागले. लागलं तेव्हा ते रडले, मीही. ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी केली.

नीटचे गुण वाया जात नाहीत. महाराष्ट्रात या दोन्ही पदव्यांचे प्रवेश नीटवरूनच, सीईटी कक्षामार्फत होतात. वाचा आणि श्रवणदोषांवरची बीएएसएलपी ही पदवीही बघा. बोलायला उशीर होणाऱ्या मुलांचे आईबाप मी रोज पाहते. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे ना, त्याला स्वतःचं रुग्णालय आहे ना, हे तपासा. रुग्णांविना हे शिक्षण पोकळ.

आणि मुलीला विचारलंत का? फॉर्म भरण्याआधी एक दिवस तिला जवळच्या पुनर्वसन विभागात, परवानगी घेऊन, नुसतं बसू द्या.